मॉड्युलर सिंथची घूं-घूं आणि हलणारा सूर : मॉड्युल उसवण्याआधी काय तपासायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटी मॉड्युलं रॅकमध्ये बसवून आणि तारांनी जोडून आवाज काढायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, हातानं बांधणारी मंडळी आता दिसू लागली आहेत. कुणी भजनी मंडळात पेटी वाजवतो, कुणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर असतो, कुणी इंजिनिअरिंगला शिकतो. रॅक दुरुस्तीला येतो तेव्हा तक्रार बहुधा ठरलेली असते : "काका, व्हीसीओ खराब निघाला." उघडून बघावं तर व्हीसीओला, म्हणजे सूर तयार करणाऱ्या मॉड्युलला, काही झालेलं नसतं. दोष असतो वीज आत येण्याच्या वाटेत, नाहीतर ती परत जाण्याच्या वाटेत. म्हणून खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो आणि सोल्डरिंग गन शेवटी हातात येते.

लक्षणं

एकसारखी खालच्या पट्टीतली घूं. व्हीसीए (आवाज कमी-जास्त करणारं मॉड्युल) पूर्ण बंद, सगळ्या पॅच केबल (मॉड्युलं एकमेकांना जोडणाऱ्या तारा) काढलेल्या, तरी चालूच.

लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं सुरू, काढला की शांत.

दिवसा रॅक स्वच्छ वाजतो. संध्याकाळी लाइट डिम झाली की खरखरीत झर्र येते आणि सूरही कापरा होतो.

एलएफओचा (संथ लाट देणाऱ्या मॉड्युलचा) दिवा ज्या ठेक्यात लुकलुकतो त्याच ठेक्यात व्हीसीओचा सूर वरखाली होतो. दोघांमध्ये एकही पॅच केबल नसताना.

पॅनेलला हात लावला की घूं कमी होते.

पॅनेलला हात लावला की झिणझिण्या येतात. हे लक्षण असेल तर आत्ता प्लग काढा आणि थेट खाली अर्थिंगचा भाग वाचा.

नवं मॉड्युल जोडलं आणि सगळे दिवे विझले, किंवा जळका वास आला.

एक लक्षण या यादीत घालू नका. चालू केल्यावर सूर हळूहळू सरकतो आणि नंतर एका जागी बसतो, हा दोष वीजपुरवठ्याचा नव्हे. व्हीसीओतल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीला तापमान कळतं. सर्किटमध्ये भरपाई नसेल तर एका अंशाला स्केल (व्होल्टेजचं सुराशी असलेलं प्रमाण) सुमारे ०.३३ टक्के हलते. वीस-तीस मिनिटं रॅक तापू द्या आणि मगच सूर लावा.

आधी कान लावा

आपल्याकडं लाइट ५० हर्ट्झची. घूं ५० हर्ट्झची असेल तर संशय अर्थिंगवर, ग्राउंडच्या वेढ्यावर किंवा ट्रान्सफॉर्मर फार जवळ असण्यावर घ्यायचा. १०० हर्ट्झची असेल तर पॉवर सप्लायमध्ये डायोड ब्रिजनंतर (एसीची डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) वीज पुरती सपाट होत नाहीये. ओळखायला स्वतःचा व्हीसीओच वापरा. हेडफोन लावून त्याचा सूर घूंशी जुळवा आणि ट्यूनरवर वाचा. ५० हर्ट्झ म्हणजे पियानोवरच्या सर्वांत खालच्या जी पेक्षा थोडं वर, १०० म्हणजे त्याच्यावरच्या सप्तकात तीच जागा. लहान स्पीकरवर हे करू नका. तो ५० हर्ट्झ देतच नाही, वरचे अंश तेवढे ऐकवतो आणि कान फसतो. अपवाद एकच : भिंतीतल्या लहान एसी अडॉप्टरवर चालणारा, प्रत्येक बाजूला एकच डायोड असलेला सप्लाय. त्याच्यात सपाटीचा दोषही ५० हर्ट्झवरच ऐकू येतो.

पुढं वाचताना एवढं धरून चला : ग्राउंड म्हणजे सर्किटमधला शून्य व्होल्ट, अर्थिंग म्हणजे घराच्या भिंतीतून जमिनीत गेलेली तार.

फुकटातली तपासणी : एकेक काढत जा

रॅकचं आउटपुट स्पीकरपासून सोडवा आणि रॅकच्याच हेडफोन मॉड्युलवर ऐका. घूं गेली तर रॅक निर्दोष. मग लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. चार्जर काढताच शांतता झाली तर हा ग्राउंडचा वेढा आहे. रॅक एका प्लगमधून अर्थला जोडलेला, मिक्सर दुसऱ्या प्लगमधून, आणि ऑडिओ केबलची जाळी दोघांना तिसऱ्या ठिकाणी जोडते. या बंद वेढ्यात घरातल्या वायरिंगमुळं बारीक करंट फिरतो आणि तो आवाजात मिसळतो.

उपायही जवळपास फुकटच. रॅक, मिक्सर, लॅपटॉप सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. भागलं नाही तर ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घाला, म्हणजे आवाज पुढं जातो पण ग्राउंडचा सांधा तुटतो. मिडी (स्वरांचे डिजिटल इशारे) यूएसबीवरून येत असेल तर पाच पिनांच्या जुन्या मिडी केबलनं आणा. त्या इनपुटला ऑप्टोकपलर असतो, म्हणजे दोन्ही बाजूंत विजेचा थेट सांधाच राहत नाही. गणपतीत मांडवात वाजवायचं असेल तर डीआय बॉक्स असलाच पाहिजे. तिथं मिक्सर एका टोकाला, स्टेज दुसऱ्या टोकाला आणि वीज जनरेटरची.

थ्री-पिनची मोठी पिन कापून घूं घालवणारे लोक आहेत. घूं जातेही. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एकदा गेलं की पॅनेलवर २३० व्होल्ट उभे राहतात आणि ते जमिनीत जायला उरते ती तुमच्या अंगातली वाट. ही पिन कापलेली असेल तर तो प्लग आजच बदला.

अर्थिंग

गावातल्या जुन्या गल्ल्यांतल्या घरांत अजून टू-पिनचं वायरिंग भेटतं. थ्री-पिन सॉकेट बसवलेलं असतं, पण मागं अर्थची तार नसते. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्तात मिळतो. तो लावा. अर्थ नाही असं दाखवलं तर तुमचं काम इथं थांबलं, वायरमन बोलवा. सॉकेट उघडून स्वतः तार ओढू नका.

झिणझिण्यांचं कारण बहुतेक वेळा एसएमपीएस (लॅपटॉपच्या चार्जरच्या जातीचा) अडॉप्टर असतो. त्याच्या आत लाइन आणि बाहेरची बाजू यांमध्ये लहान कपॅसिटर असतात. अर्थ नसला की पॅनेल साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं. करंट अगदी बारीक असतो. पण खरी गळती आणि ही झिणझिण यांतला फरक बोटाला कळत नाही, म्हणून अंदाज करत बसायचं नाही.

उन्हाळ्यात घूं वाढली असं सांगणारे चुकत नाहीत. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा जमिनीशी सांधा ढिला होतो. खानापूर, जांबोटीकडं जांभ्याची जमीन, पाणी धरून ठेवत नाही. मार्चपासून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी सवय सोडू नका.

रिबन केबल : सगळ्यात जास्त दोष इथं

रिबन म्हणजे मॉड्युलला वीज पोचवणारी चपटी केबल. युरोरॅक या प्रकारच्या मॉड्युलर सिंथचा साचा जर्मनीच्या डोएप्फर कंपनीनं १९९० च्या दशकाच्या मध्यावर घालून दिला : उंची ३ यू (यू हे रॅकचं माप), रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, वीज +१२ आणि −१२ व्होल्ट. रिबनची लाल रेघ −१२ च्या बाजूला. दहा पिनांत −१२ च्या दोन, मधल्या सहा ग्राउंडच्या आणि +१२ च्या दोन. सोळा पिनांत पुढं +५, सीव्ही (नियंत्रणाचा व्होल्टेज) आणि गेट (स्वर चालू-बंदचा इशारा).

पहिली तपासणी डोळ्यांनी : लाल रेघ दोन्ही टोकांना −१२ कडंच आहे ना? बसबोर्डवरच्या (सगळ्या मॉड्युलांना वीज वाटणाऱ्या बोर्डवरच्या) छपाईवर आंधळा विश्वास ठेवू नका. बंद रॅकवर मल्टिमीटर बीपवर ठेवून ग्राउंडच्या पिना खरंच ग्राउंडला लागतात का ते बघा. दहा पिनांची केबल उलटी बसली तर +१२ आणि −१२ यांची अदलाबदल होते, आणि रक्षणाचा डायोड नसेल तर आयसी (चिपा) जातात. सोळा पिनांची उलटी बसली तर भानगड मोठी. मॉड्युलचं ग्राउंड बसबोर्डच्या +१२ आणि +५ ला एकत्र बांधतं, त्यामुळं शेजारची ५ व्होल्टवर चालणारी मॉड्युलंही धोक्यात येतात. मॉड्युल बांधताना साधी बर्ग स्ट्रिप (उघड्या पिनांची पट्टी) न लावता कडा असलेला, खाच असलेला बॉक्स हेडर लावा. किमतीत फरक अगदी थोडा.

दुसरी तपासणी मल्टिमीटरनं. या पोस्टमधली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. काळी तार पॉवर सप्लायच्या ग्राउंडला, लाल तार व्हीसीओच्या ग्राउंडला. रॅक चालू, एलएफओ चालू, मोठ्या दिव्यांची मॉड्युलं चालू. आकडा दिव्याच्या ठेक्यात हलतो का बघा. हलत असेल तर हललेल्या सुराचं कारण हातात आलं.

याचं गणित सोपं आहे आणि एकदा समजलं की विसरत नाही. युरोरॅकमध्ये १ व्होल्टला एक सप्तक. सप्तकात १२०० सेंट, म्हणजे १ सेंटला ०.८३ मिलिव्होल्ट. सूर पाठवणाऱ्या मॉड्युलचा शून्य आणि व्हीसीओचा शून्य यांत जेवढा फरक पडतो तेवढा फरक व्हीसीओ सूर म्हणूनच वाचतो. रिबनची बारीक तार मीटरला साधारण ०.२ ओहम. अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये ग्राउंडच्या सहाही तारा नीट लागल्या असतील तर मिळून ०.०१७ ओहम. दिवे आणि डिजिटल मॉड्युल मिळून १०० मिलिअँपिअरची ये-जा करत असतील तर फरक पावणेदोन मिलिव्होल्ट, म्हणजे दोन सेंट. चालून जातं. आता कनेक्टर नीट दाबला गेला नाही आणि सहापैकी एकच तार लागली, तर ०.१ ओहम, १० मिलिव्होल्ट, १२ सेंट. शेजारी पेटीवर २२० हर्ट्झचा स्वर धरला असेल तर सेकंदाला दीड लाट (आवाजाचा चढउतार) ऐकू येईल. पेटीचा सूर हलत नाही, त्यामुळं भजनी मंडळात कान तयार झालेल्या माणसाला हे लगेच टोचतं. त्याला "एवढं चालतंय की" म्हणून गप्प करू नका, तो बरोबर ऐकतोय.

उपाय क्रमानं असे. रिबनचे कनेक्टर दातांनी किंवा पकडीनं दाबलेले असतील तर काढा, नवे घ्या आणि शिकंज्यात सरळ दाबा म्हणजे सगळ्या पात्या एकदम तारेत शिरतात. प्रत्येक तार दोन्ही टोकांना वेगवेगळी बीप करून तपासा. ग्राउंडच्या सहा तारा कनेक्टर जोडलेला असताना एकत्रच बीप देतात, त्यामुळं केबल पूर्ण सुटी करून तपासा. त्यानंतर सप्लायपासून बसबोर्डपर्यंत रिबन न वापरता घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तार टाका. तिचा रोध मीटरला ०.०१२ ओहम, म्हणजे वरच्या उदाहरणात फरक एका सेंटच्या आत. व्हीसीओ सप्लायला सगळ्यात जवळ ठेवा. दिवे लुकलुकणारी आणि डिजिटल मॉड्युलं वेगळ्या बसबोर्डवर, आणि त्या बोर्डचं ग्राउंड वेगळ्या तारेनं थेट सप्लायवर. स्वतः बांधलेल्या मॉड्युलमध्ये दिव्याचा १ किलोओहमचा रेझिस्टर १० किलोओहमचा केला तरी आजचे एलईडी पुरेसे दिसतात आणि करंट दहा पटीनं उतरतो.

मॉड्युल निवडताना बेरीज

नवं मॉड्युल घेताना किंवा किट मागवताना आवाजाचे व्हिडिओ सगळे बघतात. त्याच्याआधी चार गोष्टी विचारा : +१२, −१२ आणि +५ वर किती मिलिअँपिअर लागतात, पॅनेलच्या मागं खोली किती, हेडर खाचेचा आहे का, आणि उलट्या जोडणीपासून रक्षण आहे का.

मग बेरीज. उदाहरण म्हणून धरू : दोन व्हीसीओ मिळून १००, फिल्टर ४०, व्हीसीए ३०, एलएफओ २५, एन्व्हलप ३०, डिजिटल इफेक्ट १२०. +१२ वर ३४५ मिलिअँपिअर झाले. सप्लाय ५०० चा असेल तर ६९ टक्के, इथं थांबा. तीन चतुर्थांशाच्या वर भरलेला रॅक उन्हाळ्यात कुरकुरतो आणि चालू होतानाचा झटका तर बेरजेपेक्षा मोठा असतो. −१२ ची बेरीज वेगळी करा. लोक तीच विसरतात.

"नवं मॉड्युल लावलं आणि सगळं बंद पडलं" याचं उत्तर अनेकदा याच बेरजेत असतं. ते मॉड्युल काढून दुसरं तेवढ्याच भुकेचं लावा. तेव्हाही बंद पडलं तर सप्लाय अपुरा. चालू राहिलं तर नव्या मॉड्युलमध्ये शॉर्ट.

संध्याकाळची झर्र

बेळगावात वडगाव, शहापूरकडं विणकरांच्या मागांचा लोड, उद्यमबागेत फाउंड्री, खेड्यांत शेतीच्या मोटारी. व्होल्टेज खाली-वर होणार हे धरूनच सप्लाय बांधायचा. दुकानात १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लगेच मिळतो आणि रॅक १२ व्होल्टचा, म्हणून तोच घेतला जातो. हिशेब करून बघा. १२ चा शिखर व्होल्टेज १७, डायोडचे ०.७ गेले, उरले १६.३. ५०० मिलिअँपिअर ओढताना २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन शिखरांमध्ये सुमारे २.३ व्होल्ट खाली येतो, म्हणजे तळ १४. ७८१२ ला (+१२ स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला) १२ व्होल्ट स्थिर द्यायला आत किमान १४ लागतात. म्हणजे २३० वरच आपण कड्याच्या टोकाला उभे. लाइट १९० वर आली की तळ ११. दर शिखरामागं रेग्युलेटरचा हात सुटतो आणि ती १०० हर्ट्झची झर्र ऐकू येते. व्हीसीओ त्याच विजेवर असल्यामुळं सूरही कापतो.

१५-०-१५ आणि ४७०० मायक्रोफॅरड घेतले तर १९० वरही तळ साडेपंधराच्या आसपास राहतो. कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्या. याची किंमत उष्णतेत द्यावी लागते : पूर्ण लाइटवर प्रत्येक रेग्युलेटर सुमारे ४ वॅट तापतो, हीटसिंक हवाच. हीटसिंक एकच असेल तर ध्यानात ठेवा, ७८१२ ची पाठ ग्राउंडला असते, ७९१२ ची (उणे १२ च्या रेग्युलेटरची) पाठ त्याच्या इनपुटला. अभ्रक आणि प्लॅस्टिकचा वॉशर न घालता दोन्ही एका पट्टीवर कसले की सरळ शॉर्ट. पायांचा क्रमही दोघांचा वेगळा आहे, डेटाशीट समोर ठेवूनच जोडा.

तपासायला सप्लायच्या आउटपुटवर मीटर एसी व्होल्टवर लावा, मात्र लाल तारेच्या वाटेत १ मायक्रोफॅरडचा साधा, बिनध्रुवी कपॅसिटर घाला. स्वस्त मीटर एसीवर डीसीही मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात. दिवसा आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत म्हणजे दोष सापडला.

ज्यांनी कधी २३० व्होल्टला हात लावलेला नाही त्यांना माझं सांगणं एकच : ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बांधू नका. चांगल्या बनावटीचा बंद अडॉप्टर घ्या आणि रॅकच्या आत फक्त कमी व्होल्टेजचं काम करा. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या अडॉप्टरला संध्याकाळची डिम लाइट कळतही नाही. त्याची बारीक शिट्टी कधीकधी ऐकू येते, ती फिल्टरनं घालवता येते.

शेवटी मॉड्युल

इथवर सगळं बरोबर निघालं तरच मॉड्युल उघडा. हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर पॅनेल ग्राउंडला लागलेलं नाही. जॅकच्या नटखाली रंग आहे का बघा, तेवढी जागा घासा. मग आयसीच्या पायांवर वीज मोजा, टीएल०७२ आणि टीएल०७४ या नेहमी भेटणाऱ्या आयसी : टीएल०७२ ला पाय ८ वर +१२ आणि पाय ४ वर −१२, टीएल०७४ ला पाय ४ वर +१२ आणि पाय ११ वर −१२. एक बाजू गायब असेल तर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) किंवा उलटा डायोड. प्रत्येक आयसीजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि वीज शिरते तिथं १० मायक्रोफॅरड आहेत ना तेही बघा.

पावसाळ्यात खानापूर, चंदगडकडून येणाऱ्या बोर्डांवर वेगळाच प्रकार दिसतो. सोल्डरिंगचा फ्लक्स तसाच राहिलेला असतो, दमट हवेत तो बारीक करंट गळू देतो आणि सॅम्पल-अँड-होल्डमध्ये (व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या मॉड्युलमध्ये) धरलेला स्वर घसरत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशनं बोर्ड धुवा, पूर्ण वाळू द्या, रॅकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

कुठं थांबायचं

झिणझिण्या, अर्थ नसलेलं सॉकेट, स्विच टाकताच एमसीबी पडणं : वायरमन. ट्रान्सफॉर्मर काही जोडलेलं नसतानाही हाताला चटका बसेल एवढा तापतो, अडॉप्टर फुगलाय किंवा वास मारतोय : उघडू नका, बदला. एसएमपीएसच्या आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो, ते काम त्यातल्या जाणकाराचंच. बारीक एसएमडी भागांचं डिजिटल मॉड्युल वीज बरोबर मिळूनही मेलेलं असेल तर घरच्या गननं त्याचे पाय उचकटू नका, आणि वॉरंटीत असेल तर स्क्रूही काढू नका. ते बनवणाऱ्याकडं परत पाठवा. सोबत कागदावर तिन्ही व्होल्टेजचे आकडे, मॉड्युलच्या ग्राउंडवर मोजलेले मिलिव्होल्ट आणि दोष कुठल्या वेळी येतो एवढं लिहून द्या, म्हणजे पहिला प्रश्न "केबल उलटी लावली होती का" हा येणार नाही.